चांदीचीं जुनीं शमादानें: परीक्षा आणि मोल
(बुलढाणा जिल्ह्याच्या अनुरोधानें)

(१) प्रास्ताविक

जुन्या घराण्यांचीं दप्तरें धुंडाळणाऱ्या संशोधकास ज्या वाड्यांत कागद मिळतात, त्याच वाड्यांत बहुधा चांदीच्या चार-दोन जुन्या जिनसाहि असतात. कागद तो आदरानें उचलतो, त्याची नक्कल घेतो, त्यावर टिपण लिहितो. समई, निरांजन किंवा शमादान मात्र देवघरांतील किंवा बैठकींतील एक शोभेची वस्तु म्हणून नुसतें पाहतो व सोडून देतो. वस्तुतः या जिनसांच्या बुडाशीं पुष्कळदां अक्षरें असतात, आंकडे असतात, छाप असतात. तोहि लेखच होय. फरक इतकाच कीं तो कागदावर नसून रुप्यावर असतो.

बुलढाणा जिल्ह्यापुरतें पाहतां या विषयास विशेष निकड आहे. खामगांवची पेठ पूर्वीं कापसाकरितां गाजली. आज ती चांदीच्या जिनसांकरितां प्रसिद्ध असून लोक त्या शहरास रजतनगरी म्हणतात. जेथें नवी चांदी चोख मिळते तेथें जुनी चांदी मोडीस येते, हा व्यवहाराचा नियमच आहे. जुनी जिन्नस कांट्यावर चढते, तुटीचा हिशेब होतो व ती मुशींत जाते. कागद जळाला तर त्याची नक्कल कोठें तरी असण्याचा संभव असतो. मुशींत वितळलेल्या अक्षरांची नक्कल कोणीं घेतलेली नसते. यास्तव चांदीचें जुनें शमादान ओळखावें कसें, त्याचा काळ व मूळ ठरवावें कसें आणि त्याचें मोल करावें कसें, याचा विचार प्रस्तुत लेखांत केला आहे. या सर्व परीक्षेंत ज्या एका गोष्टीकडे आजवर दुर्लक्ष झालें आहे, ती म्हणजे वजन. वस्तु आणि कागद यांस जोडणारा सर्वांत खात्रीचा दुवा तोच, हें पुढें दाखविण्याचा हेतु आहे.

(२) नांव, घडण व येण्याच्या वाटा

समई, निरांजन, लामणदिवा हे आपले तेलातुपाचे दिवे. शमादान हें मेणबत्तीचें घर. ‘शमा’ म्हणजे मेण किंवा मेणबत्ती व ‘दान’ म्हणजे ठेवण्याचें पात्र. अत्तरदान, पानदान, पिकदान या शब्दांतील फारसी प्रत्यय तोच. नांवाबरोबर वस्तूचा वंशहि कळतो. समईस वातींकरितां उघडें तबक असतें; शमादानास मेणबत्ती उभी राहील अशी नळी व गळणारें मेण झेलण्यास तबकडी असते. कांहीं समयांच्या तबकास मागाहून नळी डाखून त्यांचें शमादान करण्यांत येतें, तर कांहीं शमादानांवर वाटी बसवून त्यांची समई होते. म्हणून नळीच्या मुळाशीं डाखाचा रंग निराळा दिसतो कीं काय, हें प्रथम पाहावें.

या जिल्ह्यांत अशा वस्तु येण्यास तीन वाटा संभवतात. पहिली दरबारी. सिंदखेड राजा हें लखुजी जाधवरावांचें ठिकाण. या घराण्याचा संबंध प्रथम निजामशाहीशीं व मग मोंगलांशीं आला. बऱ्हाणपुर मलकापुरापासून फार दूर नाहीं आणि औरंगाबादेचा शेजार तर लागलेलाच. इ. स. १७२४ च्या ऑक्टोबरांत साखरखेर्ड्यास निजाम-उल्-मुल्कानें मुबारिजखानाचा पाडाव केला. त्यानंतर हा मुलूख निजामाच्या छायेखालीं आला व बिदरच्या कारागिरीचा माल इकडे येण्याचा मार्ग मोकळा झाला. दुसरी वाट नागपुरची. इ. स. १८०३ च्या देवगांवच्या तहापर्यंत वऱ्हाडांत निजाम व भोंसले यांचा दुअंमल होता, आणि नागपुरच्या दरबाराशीं येथील देशमुख-देशपांड्यांचा व्यवहार अखंड चाले. तिसरी वाट इंग्रजी. इ. स. १८५३ त वऱ्हाड कंपनीच्या कारभाराखालीं गेलें, इ. स. १८७० त जलंबापासून खामगांवापर्यंत आगगाडीचा फांटा होऊन गव्हर्नर-जनरल लॉर्ड मेयो याच्या हस्तें तो सुरू झाला. कापसाच्या पैशाबरोबर विलायती सामानहि याच फांट्यानें आलें असावें. तेव्हां या जिल्ह्यांत शमादान मिळालें म्हणजे तें यांपैकीं कोणत्या वाटेचें, हा पहिला प्रश्न.

(३) धातूची परीक्षा

चांदीसारखें दिसणारें सर्व चांदी नसते. चार जातींचा घोटाळा नेहमीं होतो.

एक, बिदरी काम. याचा धातु मुख्यतः जस्त व थोडें तांबें यांचा असतो. बिदरच्या किल्ल्यांतील मातीच्या योगें त्यास काळा रंग देतात व त्यांत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवितात. अतिशय घासल्यानें काळा रंग उडालेलें बिदरी शमादान अनभ्यस्तास राखी चांदीचें वाटतें. उलट, त्यांतील थोडी चांदी काढून घेण्याकरितां तें मोडणें म्हणजे चार आण्यांकरितां दागिना फोडण्यासारखें आहे.

दोन, जर्मन चांदी. हिच्यांत चांदी मुळींच नसते. तांबें, जस्त व निकल यांचें तें मिश्रण होय.

तीन, शेफील्डचा मुलामा. तांब्यावर चांदीचा पत्रा तापवून दाबून चिकटविण्याची ही युक्ति इंग्लंडांत इ. स. १७४३ च्या सुमारास निघाली. कडा झिजल्या म्हणजे आंतील तांबूसपणा डोकावतो.

चार, विजेचा मुलामा. इ. स. १८४० त एल्किंग्टन यानें याचें पेटंट घेतलें. अशा मालावर ‘ई. पी. एन. एस.’ हीं इंग्रजी अक्षरें निरनिराळ्या चौकटींत ठोकलेलीं असतात. चौकटी पाहून कित्येकांस तो चांदीचा सरकारी छाप वाटतो. वस्तुतः तीं अक्षरें निकलच्या धातूवर विजेनें चांदी चढविली आहे असें सांगतात.

सोनाराची जुनी परीक्षा सुलाखण्याची, म्हणजे भोंक पाडून आंतील धातु पाहण्याची. नाण्यास ती चालली. पुराणवस्तूस ती करूं नये. तेजाबाची परीक्षा बुडाशीं, अगदीं आडबाजूस, कानशीच्या एका बारीक रेघेवर करावी. शोऱ्याच्या तेजाबाचा थेंब तांब्याच्या मिश्रणावर हिरवा होतो; त्याच तेजाबांत पोटॅशियम डायक्रोमेट विरघळविलेला थेंब चांदीवर रक्तासारखा तांबडा होतो. मुलामा असेल तर वरची चांदी थेंबास फसवील. म्हणून रेघ पुरेशी खोल हवी. ज्यास वस्तूस ओरखडाहि नको असेल त्यानें पाण्यांतील वजनाची परीक्षा करावी. भरीव वस्तूचें वजन हवेंत घ्यावें, मग दोऱ्यानें टांगून ती पाण्यांत पूर्ण बुडवून घ्यावें. दोहोंतील अंतरानें पहिल्या वजनास भागावें. रुपयाच्या कसाच्या चांदीचा भागाकार १०.३ च्या पुढें येतो, जर्मन चांदीचा ८.७ च्या आसपास. ९३३ ग्रॅमांची चांदीची जिन्नस पाण्यांत सुमारें ९० ग्रॅमांनीं हलकी भासेल. तितक्याच वजनाची जर्मन चांदीची सुमारें १०७ ग्रॅमांनीं.

आज खात्रीच्या पेढ्यांवर व छाप मारण्याच्या केंद्रांत क्ष-किरणांच्या यंत्रानें कस पाहतात. त्यानें वस्तूस इजा होत नाहीं; मात्र तें यंत्र पृष्ठभागच वाचतें, हें ध्यानांत ठेवावें. त्याचा दुसरा उपयोग संशोधकास अधिक आहे. जुन्या भट्टीच्या चांदीत सोन्याचा व शिशाचा किंचित् अंश बहुधा राहतो. विजेनें शुद्ध केलेल्या चांदीत तो राहत नाहीं. तसेंच डाखांत कॅडमियम निघालें तर तो डाख विसाव्या शतकाच्या अलीकडचा समजावा. मग वस्तु नवी तरी असेल किंवा नव्यानें सांधलेली तरी.

(४) ओतीव, ठोकीव व भरीत

शमादानाचा काळ ठरविण्यास घडणीचा उपयोग मोठा आहे. विलायती शमादानें इ. स. १७७० च्या सुमारापर्यंत मुख्यतः ओतीव असत. तीं हातास जड व टिचकीस घट्ट लागतात. पुढें शेफील्ड येथें ठशांत पातळ पत्रा दाबून शमादानें होऊं लागलीं. पत्र्यास जोर यावा म्हणून आंत राळ व तत्सम पदार्थ भरीत, कांहींत लोखंडाचा गज घालीत, आणि बूड झांकून टाकीत. अशा भरीत शमादानाचें एकूण वजन चांदीचें वजन नव्हे. बुडास हिरवें कापड किंवा लाकडाची चकती लाविलेली दिसली कीं सावध व्हावें. आपल्या सोनारांसहि ही कल्पना नवी नाहीं. लाखेनें भरलेल्या पोकळ दागिन्यांचा हिशेब ते नेहमींच करीत आले आहेत.

आपल्याकडील काम बहुधा ठोकीव. बैठक, दांडा व तबकडी निरनिराळीं घडवून मळसूत्रानें किंवा डाखानें जोडतात. आंत राळेवर ठेवून उठावाची नकशी काढतात. अशा कामांत नकशीच्या मागील बाजूस हातोडीचे ठोके हातास लागतात. ओतून केलेल्या नकलेंत ते नसतात. पृष्ठभागावर बारीक छिद्रें व मऊ पडलेल्या कडा दिसतात. जोडीच्या शमादानांत तर ही नक्कल चटकन् सांपडते. हातानें घडविलेल्या दोन वस्तु तंतोतंत सारख्या होत नाहींत. जर दोहोंवर एकच ओरखडा एकाच जागीं असेल, किंवा छाप एकाच तिरप्या कोनानें उमटले असतील, तर एकीवरून दुसरी किंवा तिसरीवरून दोन्ही ओतलेल्या आहेत.

(५) छाप व अक्षरें

इंग्रजी चांदीवर छाप ठोकण्याची पद्धति फार नियमित होती. चालता सिंह म्हणजे हजारांत ९२५ भागांचा कस; चित्त्याचें मुख लंडनचें, नांगर बर्मिंगहॅमचा, मुकुट शेफील्डचा. बर्मिंगहॅम व शेफील्ड येथील कचेऱ्या इ. स. १७७३ च्या, म्हणून त्यापूर्वींच्या वस्तूवर त्यांचा छाप असूं शकत नाहीं. इ. स. १७८४ पासून १८९० पर्यंत जकात भरल्याची खूण म्हणून राजाचें किंवा राणीचें मुखहि ठोकीत. वर्षाचें अक्षर निराळें असतेंच. ओतीव शमादानावर हे छाप बुडाखालीं व पत्र्याच्या शमादानावर बहुधा बैठकीच्या कांठावर आढळतात. सुटी होणारी नळी असेल तर तिच्यावरहि छाप पाहावा. तो नसल्यास नळी दुसऱ्या जोडीची समजावी.

हिंदुस्थानांतील पेढ्यांचे छाप या पद्धतीची नक्कल करतात, पण त्यांमागें सरकारी कसाची हमी नव्हती. कलकत्त्याच्या हॅमिल्टन आणि कंपनीच्या मालावर पेढीचीं आद्याक्षरें व हत्ती आढळतो. भूजच्या उमरसी मावजी यांच्या नाजूक पानाफुलांच्या कामावर ‘ओ. एम.’ अशीं इंग्रजी अक्षरें असतात. अशा छापाची वस्तु मिळाली तर तिचें मोल चांदीच्या मोलाहून कितीतरी अधिक असतें.

परंतु गांवच्या सोनाराच्या कामास असा छाप नसतो. त्यावर जें असतें तें मालकाचें किंवा देवाचें नांव, क्वचित् शक, आणि वजन. अक्षर कधीं बाळबोध, कधीं मोडी, कधीं फारसी. देऊळगांव राजाचें बालाजीचें संस्थान किंवा मेहकरचा बालाजी अशा ठिकाणीं देवास अर्पण झालेल्या चांदीचा विचार करतांना हीं अक्षरें दात्याचा पुरावा होत. अक्षरें खोदलेलीं आहेत, टोंचलेलीं आहेत कीं ठोकलेलीं आहेत, तें लिहून ठेवावें. रेघेच्या आंत काळिमा व कडांवर झीज असेल तर अक्षर वस्तूबरोबर वापरलें गेलें आहे. रेघ चकचकीत व कडा हातास टोंचणारी असेल तर अक्षर नवें. चिंच, राख व पुटें देऊन केलेली घासाघीस हा या अक्षरांचा मोठा शत्रु आहे. सणावारास भांडें उजळतें आणि दर सणास इतिहास थोडा पुसट होतो.

(६) वजन: वस्तु व कागद यांचा सांधा

घराण्यांच्या दप्तरांत जामदारखान्याच्या यादी, वांटणीपत्रें, लग्नांतील आंदणाच्या यादी व गहाणखतें मिळतात. त्यांत ‘समई रुप्याची’ किंवा ‘शमादान जोडी’ अशा नोंदीपुढें वजन असतें. वर्णनावरून वस्तु ओळखतां येत नाहीं, कारण समया सगळ्याच सारख्या. वजन मात्र प्रत्येकीचें निराळें. म्हणून यादींतील वजन व वस्तूचें वजन जुळलें तर त्यासारखा दुसरा पुरावा नाहीं.

येथें एक मोठा खळगा आहे. इ. स. १८३३ पासून कंपनी सरकारनें तोळा १८० ग्रेनांचा ठरविला, म्हणजे ११.६६४ ग्रॅम. इ. स. १८३५ चा रुपया नेमका एक तोळ्याचा. त्यांत १६५ ग्रेन निखळ चांदी, म्हणजे बारांत अकरा भाग. ‘रुपयाभार’ हें माप त्यावरूनच चाले. आजचा बाजार मात्र दहा ग्रॅमांस तोळा म्हणतो. समजा, आंदणाच्या यादींत समई ८० तोळे लिहिली आहे. आज सोनार ती कांट्यावर घालून सांगेल, ‘त्र्याण्णव तोळे भरली.’ मालक म्हणेल, ही ती नव्हे. आणि समई मोडीस जाईल. वास्तविक ८० जुने तोळे म्हणजे ९३३ ग्रॅम, म्हणजेच आजचे ९३.३ तोळे. वस्तु तीच होती. मापाचें फक्त नांव राहिलें व अर्थ बदलला होता.

हाच खळगा बनावट ओळखण्याचें साधनहि आहे. एखाद्या दिव्यावर जुना शक व ‘५० तोळे’ अशीं अक्षरें आहेत आणि तो कांट्यावर बरोबर ५०० ग्रॅम भरतो, तर अक्षरें कोरणाऱ्याच्या मनांत आजचा तोळा होता, हें उघड आहे. इ. स. १८३३ पूर्वींचा तोळा स्थळपरत्वें थोडा कमीजास्त असे, हें खरें. म्हणून त्या काळच्या लेखाशीं दोन-चार मासे जुळले नाहींत तर अडूं नये. वापरानें झीज होते, डाखानें भर पडते, तीहि सोडावी. पण इतका मोठा फरक झिजेनें पडत नाहीं. विलायती वस्तूच्या बुडाशीं वजन औंस व पेनीवेट यांत टोंचलेलें असतें. तेथें औंस ३१.१०३५ ग्रॅमांचा धरावा.

वजनावरून कसाचाहि तर्क होतो. घरचे रुपये सोनारास देऊन त्यांचीं भांडीं करवून घेण्याची चाल होती. ८० कंपनी रुपयांच्या समईंत सुमारें ८५५ ग्रॅम निखळ चांदी असली पाहिजे. हैदराबादचा हाली सिक्का वजनानें हलका व कसानें उतरता. त्याच्या मोडीचें काम कमी कसाचें निघेल. तेव्हां कस उतरता निघाला म्हणून सोनार लबाड ठरत नाहीं. कोणतें नाणें मुशींत गेलें, एवढेंच त्यावरून समजतें.

(७) मोल

मोल तीन प्रकारचें: धातूचें, कारागिरीचें व लेखाचें. धातूचें मोल दररोज बदलतें आणि तें ठरविण्यास कांटा पुरतो. कारागिरीचें मोल जोड पुरी आहे कीं नाहीं, दुरुस्ती झाली आहे कीं नाहीं, छाप स्पष्ट आहेत कीं नाहींत, यांवर ठरतें. नांव खरवडून काढलेली वस्तु दोन्ही बाजूंनीं उतरते, कारण पत्राहि पातळ होतो व वंशहि तुटतो. लेखाचें मोल मात्र सोबतच्या कागदावर अवलंबून आहे. यादीसह असलेलें शमादान व यादीविना असलेलें शमादान यांत घराणें माहीत असलेल्या व नसलेल्या माणसाइतकें अंतर आहे.

धातूचें मोल व रुपयाचें मोल एकच, ही समजूत आपल्या लोकांस फार महाग पडली. इ. स. १८९३ च्या जून महिन्यापर्यंत कोणीहि चांदी टांकसाळींत नेऊन तिचे रुपये पाडून घेऊं शके. म्हणून घरची समई म्हणजे पडून असलेले रुपयेच होते. त्या महिन्यांत टांकसाळी खाजगी चांदीस बंद झाल्या व ही बरोबरी मोडली. पुढें सहा वर्षांनीं, १८९९-१९०० चा घोर दुष्काळ वऱ्हाडावर कोसळला, तेव्हां तोळाभर रुपयांतील चांदीची किंमत बाजारभावानें सुमारें दहा आण्यांवर आली होती. ऐंशी रुपये मोडून केलेली समई विकतांना पन्नासच रुपये हातीं येणार! त्या वर्षीं जें विकलें गेलें त्याची यादी कोणापाशींहि नाहीं.

सत्तेच्या हातूनहि असेंच झालें. रघुजी भोंसले तिसरे इ. स. १८५३ च्या डिसेंबरांत वारले. राज्य खालसा झालें. राजवाड्यांतील मालमत्ता विक्रीस निघाली व जडजवाहीर कलकत्त्यास जाऊन इ. स. १८५५ त हॅमिल्टन आणि कंपनीच्या हातून लिलावांत गेलें. ज्या पेढीचा हत्तीचा छाप आज संग्राहक भिंगानें शोधतो, तीच ही पेढी. लिलावांत वस्तूस किंमत मिळते, पण तिचें घर सुटतें. मोल करणाऱ्यानें हा भेद विसरूं नये.

कायद्याचीहि जाणीव हवी. इ. स. १९७२ च्या पुरावस्तुविषयक कायद्यानें शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तु पुरावस्तु ठरते. ती परदेशीं पाठविण्यास खाजगी इसमास मनाई आहे व तिच्या विक्रीचा धंदा करणाऱ्यास परवाना लागतो. ऐतिहासिक महत्त्वाच्या हस्तलिखितांस ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे, हें या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगण्याचें कारण नाहीं.

(८) उपसंहार

एवंच, शमादान हातीं आलें असतां क्रम असा ठेवावा. घासूं नये. प्रथम बूड पाहावें. अक्षरांवर पातळ कागद ठेवून शिसपेन्सिलीनें ठसा घ्यावा. मग वजन ग्रॅमांत लिहावें व त्यास ११.६६४ नें भागून जुने तोळे काढावे. आंत भरीत आहे किंवा नाहीं तें नमूद करावें. छाप, डाख, झीज यांची टीप करावी. शेवटीं त्या घराच्या दप्तरांतील याद काढून दोन्ही वजनें समोरासमोर मांडावीं. कस व भाव यांची गोष्ट त्यानंतरची.

यास अर्ध्या घटकेहून अधिक वेळ लागत नाहीं. इतकें करूनहि मालकास गरजेपायीं वस्तु विकावी लागली तर लागो. ठसा व वजन राहील आणि यादींतील नोंद निराधार राहणार नाहीं. खामगांवच्या पेठेंतील सराफांनीं व जिल्ह्यांतील हस्तलिखितांच्या संग्राहकांनीं एवढा एक नियम पाळावा: चांदी मोडींत घालण्यापूर्वीं तिच्यावरील मोडी वाचावी.